उजव्या बाजूचा लाइट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. इथेच, या ग्रुपवर, मी कितीतरी जणांची खिल्ली उडवली आहे, त्यामुळे आता मला हसायचं तर खुशाल हसा. फक्त ‘फ्लॅश खराब असेल’ हे मला शिकवू नका... चौदा वर्षं हेच करतोय.

सोलापुरात सात रस्त्याजवळ पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. लग्नांना कंटाळलो, तेव्हापासून पाळीव प्राण्यांचे फोटो काढतो. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे मेंढपाळ. माझ्या वाटणीची मेंढरं विकून मी कॅमेरा आणि दोन लाइट घेतले, तेव्हापासून माझे चुलते – अण्णा – माझ्याशी बोलले नाहीत. मरेपर्यंत नाही. मी कॅमेरा काढला की पाठ फिरवायचे. घरात त्यांचा एकही फोटो नाही.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी, भर दुपारी, काकू त्यांचा कुत्रा घेऊन स्टुडिओत आली. सावळ्या. काळाकुट्ट, आता पार म्हातारा. अण्णांची तेवढीच खूण उरली म्हणून त्याचा एक चांगला फोटो तिला हवा होता. मला फार बरं वाटलं. या फोटोच्या निमित्ताने त्या घरात माझं पाऊल पुन्हा पडेल, असं वाटलं.

कुत्र्याच्या अंगावर टाकायला तिने अण्णांचं घोंगडं आणलं होतं. काळी लोकर लाइटमध्ये अजिबात चमकत नाही, मागे लावायला तिच्यासारखा पडदा नाही. मी न विचारताच ते चिमट्यांनी स्टँडला लटकवलं.

“टांगू नगं रं,” काकू म्हणाली. “ते अंथरायचं अस्तंय.”

मी ऐकलं नाही. काळ्यावर काळा कुत्रा उठून दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लाइट लावला आणि फोटो घेतला. सावळ्याचं उजवं अंग गायब! नुसता अंधार. उजवा फ्लॅश उडताना मी स्वतः पाहिला होता. फ्लॅश उडवणारा ट्रिगर बदलला, दोन्ही लाइटची अदलाबदल केली – तेच. लाइटपुढे माणूस उभा राहिला की अशीच सावली पडते, पण तिथे कोणी नव्हतं. सावळ्या माझ्यावर दात विचकत होता... आणि मधेच त्या मोकळ्या जागेकडे मान वर करून शेपूट हलवत होता.

काकूने उठून घोंगडं काढलं, खाली अंथरलं. सावळ्या त्यावर गुमान बसला. मी पुन्हा फोटो घेतला. उजवी बाजू काळीच.

खरं सांगतो, भीतीपेक्षा संताप जास्त आला. कॅमेरा काकूच्या हातात दिला, बटण दाखवलं, दाब म्हटलं. फोटो लख्ख आला, अंगावरचा केस न् केस दिसत होता. मग एक तिने, एक मी, असे आळीपाळीने काढले. तोच कॅमेरा, तेच लाइट, तीच जागा. तिचे सगळे छान, माझे सगळे अर्धे.

“लायटीम्होरं हुबं ऱ्हायल्यात,” काकू शांतपणे म्हणाली. “राग गेला न्हाय अजून त्येंचा.”

मी, जो असल्या गोष्टींना थोतांड म्हणतो, तो त्या रिकाम्या जागेपुढे हात जोडून उभा राहिलो. “अण्णा, चुकलं माझं,” म्हणालो. मग शेवटचा एक फोटो घेतला.

काकू तिने काढलेला फोटो घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्याच लाइटवर एका पॉमेरेनियनचे फोटो काढले, व्यवस्थित आले. कंपनीच्या माणसाने लाइट तपासले, काही दोष नाही म्हणाला. माफी मागून काढलेला तो फोटो मात्र मी पुसलेला नाही. त्यात डावी बाजूसुद्धा काळी आहे.