माझ्या डोक्यावरचा समुद्र

"स्वल्प थांबा हं," असं म्हणून अक्का आधी टाकीत डोकावायच्या, सगळे मासे जागेवर आहेत ना ते पाहायच्या आणि मगच दारातल्या माणसाकडे वळायच्या. दारात कुरिअरवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, की मी.

सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत त्या बरोबर माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. बँकेतून निवृत्त झालेल्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं, की पुण्याहून आलेल्या मला सुरुवातीला निम्मं कळायचंच नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. एका सकाळी पाचसहा माणसं भलीमोठी काचेची टाकी जिन्यातून वर चढवताना दिसली. चौकशी केली, तर त्यात म्हणे समुद्रासारखं खारं पाणी भरून प्रवाळ वाढवायचे होते. तेही माझ्या बेडरूमच्या डोक्यावर! मी तावातावानं वर गेले.

"इंजिनिअरला दाखवलंय मी," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पडणार नाही. पडलीच, तर मासे तुमचे. सरी?" सरी म्हणजे, ठीक ना?

आता सांगा, अशा बाईशी कोण भांडणार?

मग मी नुसती बघायला म्हणून जाऊ लागले. शुद्ध पाण्यात मीठ कालवायचं, खारेपणा मोजायचा, दगड रचायचे आणि पुढे कित्येक आठवडे थांबायचं. पाणी माशांना मानवेल असं होईपर्यंत आत काही सोडायचं नाही. अक्का त्या रिकाम्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसत.

"आत तर काहीच नाही. बघता काय?"

"येणाऱ्यांचं घर बघतेय की."

पहिला आला तो एक नारिंगी क्लाउनफिश. मग दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे छोटे तुकडे. समुद्रातून तोडून आणलेलं नको, हा अक्कांचा हट्ट. दिवे लागले की ते प्रवाळ हळूहळू उमलत आणि अक्का एकदम हलक्या आवाजात बोलू लागत.

त्या खोलीत पूर्वी त्यांच्या आईचा पलंग होता. आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. अक्कांनी त्या वर्षांत एक रात्रही बाहेर काढली नव्हती. आई गेल्यावर सगळे म्हणाले, आता मोकळी झालीस, फिरून ये. त्या एका सहलीबरोबर अंदमानला गेल्या. तिथे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले आणि परत येऊन हा उद्योग मांडला.

"पण अक्का, आता तुम्हाला एक दिवस घर सोडता येत नाही. पुन्हा बांधून घेतलंत की स्वतःला."

"बांधलेलं बरं असतं गं," त्या म्हणाल्या. "सुटल्यावर कुठं जायचं, तेच कळंना मला."

एका रविवारी सकाळीच वीज गेली. इमारतीचा जनरेटरही बंद पडला. दुपारी अक्का अनवाणी माझ्या दारात. टाकीची बॅटरी संपली होती, पंप थांबले होते, मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी मजल्यामजल्यावर हाका मारल्या. ज्यांनी अक्कांचा उंबरा कधी पाहिला नव्हता, तेही आले. आम्ही पाळीपाळीनं मगांनी पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहिलो, म्हणजे त्यात हवा मिसळेल. मल्याळी, तमिळ, हिंदी, सगळ्यांची एकदम बडबड. अक्का गॅसवर कॉफीवर कॉफी करत होत्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी वीज आली. पंप सुरू झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हात पुसले आणि आपापल्या घरी गेले.

"बसा की अजून," अक्का दारातून म्हणत होत्या. "मासे बघून जावा." लिफ्टचं दार बंद झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लाइट आली ना. आता माणसांचं काय काम?"

पुढच्या वर्षी काच पुसताना त्या स्टुलावरून पडल्या. मनगट मोडलं. हुबळीहून भाऊ आला आणि सोबतच घेऊन गेला. टाकी, प्रवाळ, मासे, सगळं बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या एका दुकानदारानं नेलं. जाताना त्या माझ्याशी एवढंच बोलल्या, "आपल्या नारिंगी माशाला भेटून ये एकदा."

मी गेले. दुकानातल्या टाकीत नारिंगी क्लाउनफिश पुष्कळ होते, सगळे सारखेच. अक्कांचा कोणता, मला काही कळेना. तिथूनच हुबळीला फोन लावला.

"कसा आहे?"

"छान आहे."

"ओळखलं तुला?"

"हो तर. लगेच पुढे आला."

"येणारच. माणसांचं वेड आहे त्याला." मग म्हणाल्या, "फोन जरा टाकीजवळ धर गं. आवाज येऊ दे."

मी फोन काचेला लावून धरला. पंप खळखळत होता, मागे गिऱ्हाइकं घासाघीस करत होती, दुकानदार माझ्याकडे बघत होता. हात अवघडला तरी मी तशीच उभी राहिले. पलीकडे अक्कांनीही फोन ठेवला नाही.