दगडाला पाठ टेकून

रिस्तेनच्या फोटोंत माणूस नसे, घर नसे, एवढंच काय, रेनडियरसुद्धा नसे. तिचा धाकटा भाऊ इस्सात कळप राखायचा. त्याला हे फार लागायचं.

"अगं, सगळं घर माझ्या जनावरांवर जगतं आणि तुला कौतुक त्या तळ्याचं! माझी जनावरं दिसायला इतकी वाईट आहेत का?"

"जनावरं हलतात," रिस्तेन म्हणायची. "तू तर हलतोसही आणि बोलतोसही."

गावातल्या वसतिशाळेत ती स्वयंपाक करायची. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन माळावर. तिथे त्यांच्या घराण्याचा सेइदी होता, म्हणजे देवाचा दगड. पानगळीत पहिलं जनावर कापलं की त्याच्या चरबीचा तुकडा घरातल्या बाईनं नेऊन दगडाला चोळायचा, आणि दगड बाहेरच्या कुणाला दाखवायचा नाही, असं आजीनं तिला लहानपणीच बजावलं होतं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी मंडळीही हे करतात आणि पाद्र्यासमोर भोळा चेहरा करून बसतात. आमच्याकडे हे असंच चालत आलंय.

रिस्तेननं दगडाचा फोटो उभ्या जन्मात काढला नाही. ती दगडाला पाठ टेकून उभी राहायची आणि त्याच्या समोर जे असेल ते टिपायची. तळं, तळ्यापलीकडे दोन सुळके, वर आभाळ. उन्हाळ्यात तेच, बर्फात तेच. पाठीला दगडाचा गारवा लागला की नवऱ्याचं सोडून जाणं, शाळेतली खरकटी पातेली, सगळं डोक्यातून उतरायचं. दगड बघतो तेच आपण बघतोय, एवढं तिला पुरायचं. प्रार्थनेत असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि ते ती कुणाला सांगायलाही गेली नाही.

ते फोटो दक्षिणेत गाजले. सिंद्रे नावाच्या फोटोग्राफरनं ऑस्लोत त्यांचं प्रदर्शन भरवलं, पुस्तक छापलं. "जागा कुठली हो ही?" त्यानं गोड बोलून चारचारदा विचारलं.

"उत्तरेतली," रिस्तेन म्हणाली. गावी आल्यावर तिनं हे इतक्या वेळा सांगितलं, की भावजय बीरेत कॉफी ओतताना आधीच हसायला लागायची.

मग एका पानगळीत इस्सात माळावरून आला तो तोंड पाडून. "दगडाच्या बाजूला माणसं फिरतायत. कॅमेरेवाली. तू सांगितलंस?"

"आजीची शपथ! एका शब्दानं नाही."

मग त्यानं चरबीचा तुकडा कापून तिच्या हातात दिला. "जा तर. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देतोय."

रिस्तेन चढण चढून गेली आणि बर्चच्या झुडपांत थबकली. पाच-सहा माणसं उलट्या पावलांनी चालत होती. प्रत्येकाच्या हातात तिचा फोटो होता. सिंद्रे ओरडून सांगत होता, "सुळके बघा! फोटोत दिसतात तितके एकमेकांजवळ आले पाहिजेत. अजून मागे... अजून!" एकेक जण मागे सरकत गेला आणि एकेकाची पाठ दगडाला टेकली. एका बाईनं दगडावर कॉफीचा पेला ठेवला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

दगड लपवायच्या नादात रिस्तेननं जगाला त्याची वाट आखून दिली होती, आणि तीही वर्षानुवर्षं, अगदी मनापासून.

सिंद्रेला ती दिसली. "अरे वा, खुद्द तुम्हीच! सांगा ना यांना, इथे तुम्हाला काय जाणवतं?"

सगळे तोंडाकडे बघत उभे. खिशातल्या चरबीवर तिची मूठ आवळली.

"थंडी," ती म्हणाली आणि वळली.

घरी चरबी तिनं टेबलावर ठेवली. खोटं बोलली असती तर खपलं असतं. पण तिनं सगळं सांगितलं. इस्सातनं भिंतीवरच्या, तिनं काढलेल्या फोटोकडे पाहिलं. "खुणा जुळवत शिकार कशी हुडकायची ते आपण पोरांना असंच शिकवतो," तो म्हणाला. "मला आधी कळायला हवं होतं." त्यानं आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आता बीरेतच्या माहेरच्या दगडाला चरबी जाते. तो कुठे आहे ते रिस्तेनला कुणी सांगितलेलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. पहिलं जनावर कापलं की तिला बोलावणं येतं, नळीचं हाड आधी तिच्याच ताटात पडतं. फक्त चरबी कापायची वेळ झाली, की इस्सात चुलीकडे बघत म्हणतो, "रिस्तेन, बाहेरून जरा लाकडं आणतेस?"

चुलीपाशी लाकडं भरपूर असतात. ती उठते, दार ओढून घेते, आणि कुणी हाक मारेपर्यंत आत येत नाही.