गुरुवारी ऐकू येणारा आवाज

गुरुवारी चाकणची यंत्रे थांबतात आणि तापल्या तेलाचा वास रिकाम्या शेडमध्ये उन्हाबरोबर हळूहळू विरत जातो. साप्ताहिक सुट्टीच्या त्या शांततेत मी माझ्या इंजिनिअरांना अडलेले प्रश्न शोधायला अर्धा दिवस देत असे; बदली सुट्टी शुक्रवारी. बाकीचे दिवस तारखांचे, हा एक प्रश्नाच्या तळाशी जाण्याचा. हा हिशेब मला चोख वाटे.

लातूरकडची रोहिणी, नोकरीत अजून कायम न झालेली, तिथे आमच्या नव्या पंपाची घरघर ऐकत बसे. पंप गार असताना मुका, तापला की घरघरणारा. कारण हाती येत होते, तोच आमचे प्लांट हेड दिघेसाहेब सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "मॅडम, इथं पीएचडी करायची नाहीये, पंप पाठवायचेत. पाच मिनिटांत सांगता येत नसेल तर राहू द्या." गुरुवार बंद झाला, पंप तारखेला गेले, तिचे कायम होणे लांबले. मी राग पै-पैसारखा जपून ठेवला. ती जेवणाच्या सुट्टीत शोधत राहिली, मी तिकडे पाठ करून डबा खात राहिलो.

उन्हाळ्यात पंप ग्राहकाकडे घरघरू लागले. त्यांची माणसे येऊन बसली. दिघेसाहेबांनी मला कारण विचारले. ते मला रोहिणीकडून कळले होते.

"रोहिणीला विचारा, सर."

"बरं, मॅडम, थोडक्यात सांगा."

"थोडक्यात नाही जमायचं, सर. बसा."

तिने पंप तापवला, उघडला, उष्णतेने झाकण केसभर कसे वाकते ते दाखवले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले की मी उत्तर माहीत असलेला आणखी एक प्रश्न विचारी. खिडकीतले ऊन टेबलावरून भिंतीवर चढले, त्यांच्या चहावर साय धरली. माझा चहा कधी नव्हे इतका गोड लागला. शेवटी पाहुण्यांसमोर तेच म्हणाले, हिला कायम करू.

"लेखी कधी, सर?" मी विचारले.

"उद्या."

"तारीख चुकायला नको, सर," मी म्हणालो.

मग ग्राहकाने विचारले, दुरुस्त पंप कधी? त्यांची लाइन थांबण्याच्या बेतात होती. नव्या झाकणाच्या चाचणीला तीन आठवडे लागतील, असे रोहिणीने मला सकाळीच सांगितले होते. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"शनिवारी," मी म्हणालो.

बोटांवरचे तेल पुसता पुसता तिचा हात थांबला. इतका वेळ ती दिघेसाहेबांशी ज्या थंड, अदबशीर सुरात बोलत होती, त्याच सुरात मला म्हणाली, "बरं, सर."