वकिलातीच्या शाली

दोन राष्ट्रांमधला विश्वास करारांनी वाढत नाही, सामान्य माणसांच्या भेटींनी वाढतो. हे वाक्य मला इतकं पटलं, की मी ते अर्जात जसंच्या तसं उतरवून काढलं. ते वकिलातीच्याच माहितीपत्रकातलं होतं, त्यामुळे त्यांनाही पटलं.

अर्ज राजेंद्र नगरातल्या आमच्या संस्थेचा होता. संस्था म्हणजे एक हॉल, हॉलमागे एक खोली, आणि त्या खोलीत ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई. हॉल लग्नमुंजींना भाड्याने जातो. कार्यकारिणीचा जीव हॉलमध्ये आहे. खोली अहवालात छापायला बरी पडते. मी कार्यकारिणीत होतो, कारण कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा अर्ज लिहिण्यापलीकडे काही उपयोग इंदुरात अजून सापडलेला नाही.

बाईंना फक्त गाडी हवी होती. शहराबाहेरच्या राऊकडची मुलं ज्या व्हॅनने येत, ती मालकाने विकायला काढली होती.

"त्यांच्या आया कामावर जातात. रोज बसने कोण आणून सोडणार?" बाई म्हणाल्या. "गाडी बंद म्हणजे राऊ बंद. आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीत पोरं."

मुंबईतली एक परदेशी वकिलात छोट्या संस्थांना छोटी अनुदानं देते, हा शोध आमच्या अध्यक्षांच्या जावयाचा. बांधकाम, पगार, औषधं, वाहनखरेदी यांना पैसा नव्हता. पैसा होता परस्पर सामंजस्याला. मी लिहिलं, की राऊच्या मुलांची भाड्याच्या व्हॅनने रोजची ने-आण हा सांस्कृतिक आदानप्रदानाचा पहिला टप्पा आहे. असली वाक्यं लिहिताना लाज वाटत नाही. वाचताना वाटते, पण तोवर ती दुसऱ्याच्या टेबलावर गेलेली असतात.

उत्तर आलं. वकिलातीच्या एक अधिकारी विजय नगरातल्या एका परिषदेला येणार होत्या. विमानाआधी अर्धा तास त्या आमच्याकडे येतील, मुलांचा वर्ग पाहतील आणि मग व्हॅनच्या भाड्याचं ठरवतील.

"अर्धा तास पुष्कळ झाला," बाई म्हणाल्या. "त्यांना सरळ खोलीत आणा. दुसरं काही करू नका."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, ऐसा थोडी होता है! पाहुणा दारात, आणि शाल-श्रीफळ नाही? लोक काय म्हणतील?"

हे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. कर्ज नाकारताना ते ज्या सुरात बोलत असतील, त्याच सुरात स्वागतपर बोलतात.

आमच्या सत्काराचा एकच कायदा आहे: कोणी राहता कामा नये. पाहुण्याला शाल अध्यक्ष घालतात, म्हणून अध्यक्षांना उपाध्यक्ष घालतात. उपाध्यक्षांना सचिव. मग शाली कोणी आणल्या, त्यांना. जावयाने अनुदान शोधलं, त्याला. एखादा चुकून राहिला, तर तो गणपतीपर्यंत अबोला धरतो आणि गणपतीत वर्गणी देत नाही.

अधिकारीबाई वयाने लहान आणि स्वभावाने सभ्य निघाल्या. ऐन उन्हाळ्यात खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन त्या हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या. जावई शालीत गुंडाळला जात असताना त्यांनी मला हळूच इंग्रजीत विचारलं, "मुलं कुठे आहेत?"

"त्या दारामागे."

"मग जाऊ या?" म्हणत त्या उठल्या. पाहुण्या उठल्या म्हणजे त्यांना भारावून दोन शब्द बोलायचे आहेत, असं सूत्रसंचालकाने ताडलं आणि माइक पुढे केला. त्यांनी आभार मानले. आभाराबद्दल त्यांना दुसरी शाल मिळाली.

मग बाईंचं नाव पुकारलं. त्या मुलांना खोलीत सोडून दारापर्यंत आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "मला शाल नको. मॅडमना पाच मिनिटं आत पाठवा."

"बाईंचा हा विनय पाहा," अध्यक्ष माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. शाल दारापर्यंत चालत गेली.

वकिलातीचा ड्रायव्हर घड्याळ दाखवत आत आला, तेव्हा उपाध्यक्षांनी त्याचाही सत्कार केला. पाहुण्या गाडीत बसताना खोलीचं दार उघडलं, आणि मुलं ओळीने बाहेर आली. त्यांनी हात हलवले. काचेतून पाहुण्यांनीही हलवला.

"भिया, क्या कार्यक्रम हुआ!" अध्यक्ष मला म्हणाले. "बघा, अनुदान आलं समजा."

आणि ते आलं. पत्रात लिहिलं होतं, की परस्परांना सन्मानित करण्याच्या स्थानिक परंपरेने अधिकारी प्रभावित झाल्या आहेत. वर्ग पाहता न आल्याने व्हॅनच्या भाड्याचा विचार करता येत नाही. मात्र दोन्ही देशांच्या नागरिकांनी एकमेकांचा सन्मान करावा, अशा सोहळ्यासाठी रक्कम मंजूर होत आहे. बाईंनी पत्र वाचून मला परत दिलं आणि खोलीत गेल्या.

सोहळा दिवाळीनंतर विजय नगरातल्या एका हॉटेलात झाला. वाहतुकीच्या सदरात विमानतळावरून पाहुणे आणणं बसत होतं, त्यामुळे त्यांना गाडी मिळाली. अध्यक्षांनी आपल्या भाषणाची सुरुवात माझ्याच वाक्याने केली: विश्वास करारांनी वाढत नाही, सामान्य माणसांच्या भेटींनी वाढतो.

कार्यक्रमात मुलांचाही सत्कार ठेवला होता. राऊची मुलं आली नाहीत. व्हॅन दिवाळीआधीच विकली गेली होती. त्यांच्या शाली अध्यक्षांच्या घरी आहेत.