पाणी खाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आई अजून शेजारणींना सांगते – माझा पोरगा सरकारी हापिसात बसतो, पुराची खबर गावोगाव देतो.

सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, तापीकाठी लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरात मी पहिला पदवीधर. वडील पॉवरलूमवर. पूर कक्षात मला घेतलं ते अर्जातल्या एका ओळीमुळे – 'मराठी येतं'. तापीला वरच्या अंगाने महाराष्ट्रातलंही पाणी मिळतं. तिकडच्या कक्षातून खबर फोनवर मराठीत यायची, मी ती रजिस्टरात हिंदीत लिहायची, ती वाचून साहेबांनी काठच्या वस्त्यांना इशारा द्यायचा. दोन राज्यांचा समन्वय म्हणतात तो खरं तर एवढाच – तिकडे सुषमाताई, इकडे मी.

ताईंना मी कधी पाहिलं नाही. आवाज तेवढा ओळखीचा. माझं बोलणं ऐकून हसायच्या. "दादा, तुमचं मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवलीय." आणि मग शब्द समजावून द्यायच्या, न कंटाळता.

त्या दुपारी त्या म्हणाल्या, "धरणाचं पाणी खाली सोडलंय." मी नीट ऐकलं. समजलंही नीट – खाली, म्हणजे आमच्याकडे. पण दुसरा फोन वाजत होता, आणि मी घाईत त्यांचाच शब्द उतरवला – 'पानी खाली'. हिंदीत खाली म्हणजे काय? रिकामं. साहेब ग्वाल्हेरकडचे, मराठी न कळणारे. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बाँध खाली हो गया? चलो, अच्छा है." हे मला नंतर शिपायाने सांगितलं. मी तेव्हा दुसऱ्या फोनवर होतो.

इशारा गेलाच नाही. जैनाबादच्या काठावर केळीच्या बागेचा पंप काढायला उतरलेला एक शेतकरी पाण्यात सापडला. बाभळीला धरून राहिला, म्हणून वाचला. पण दोन म्हशी वाहून गेल्या, आणि त्याचा डावा पाय कायमचा अधू झाला.

ही झाली चूक. चूक तर कुणाच्याही हातून होते, नाही का? मला सांगायचं आहे ते पुढचं.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला समोर बसवून तिकडे फोन लावला. स्पीकरवर. ताईंचे अधिकारीही ऐकत होते. ताई म्हणाल्या, "मी 'खाली सोडलं' असंच सांगितलं होतं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कॉल रेकॉर्ड होत नव्हते. माझी नोकरी कंत्राटी, घरात दुसरी धड कमाई – पण नाही, ते मी पुढे करणार नाही.

मी म्हणालो, "नाही साहेब. ताई 'धरण खाली झालं' म्हणाल्या."

पलीकडून ताई – हळू, स्वतःशीच बोलल्यासारख्या – म्हणाल्या, "तसं म्हणाले असेन मग. दादा चुकीचं नाही लिहिणार."

त्यांना कक्षातून काढलं. मला पुढच्या वर्षी कायम केलं. आता खबर लेखी येते, दोन्ही भाषांत. ही सूचना माझीच. तिच्याबद्दल माझा सत्कार झाला, आणि मी तो हात जोडून घेतला.

ताई खरं बोलल्या होत्या. मी खोटं बोललो. त्यांचं गाव मला माहीत आहे, त्या शेतकऱ्याचं घरही. दोन्हीकडे मी गेलेलो नाही.