इतिहास पाहा

शाळेत त्यांना सगळे ‘संदर्भबाई’ म्हणत. समोर नाही, पाठीमागे. पण भिंतींना कान असतात म्हणतात, आणि शिक्षकांच्या खोलीत भिंतीऐवजी नुसती कपाटांची रांग होती. त्या रांगेत कायम शिक्षकांची नावं कपाटांवर रंगानं लिहिलेली होती. बाईंचं नाव कागदाच्या पट्टीवर होतं. दर सुट्टीनंतर नवी नेमणूक मिळे, तोवर पट्टी गळून कपाटाखाली गेलेली असे. ती फुंकर मारून पुन्हा चिकटवायची. बाई आल्या तेव्हाचे शिपाई निवृत्त झाले, घंटा जाऊन भोंगा आला, बाई मात्र तात्पुरत्याच राहिल्या. तात्पुरतेपणात इतकं सातत्य फार थोड्यांना जमतं.

बाकीचे शिक्षक मुलांना बजावत, की इंटरनेटवरच्या त्या मुक्त ज्ञानकोशाचं नावही काढू नका, तिथे कुणीही काहीही लिहितं. एवढं बजावून झालं की मोकळ्या तासाला तिथूनच आपली टिपणं उतरवून घेत. बाईंनी उलटं केलं. कुणीही लिहितं ना, मग आपणही लिहू, असं म्हणून त्यांनी नववीचा वर्ग संगणकाच्या खोलीत नेला. पुरावा नसेल ते लिहायचं नाही, विशेषणं घरी ठेवून यायचं, एवढं सांगितलं. आणि दुसऱ्याचं लिखाण बदललं तर खालच्या चौकटीत कारण द्यायचं. चौकट रिकामी ठेवणं म्हणजे दगड मारून पळून जाणं, असं त्या म्हणत.

पोरांना हा नाद इतका लागला की घराघरांतून तक्रारी यायला लागल्या. आई म्हणाली, मी तुझ्या वयात पहाटे उठून अभ्यास करायचे, की पोरगं विचारी, संदर्भ? एका वडिलांचा शाळेतला पहिला नंबर त्यांच्या सख्ख्या बहिणीकडूनच तपासून घेण्यात आला. त्या घरात पुढे आठवडाभर जेवताना कुणी बोललं नाही. ती तपासणी करणारी मुलगी म्हणजे वर्गातली ‘वकील’. तिचा हात सदा वर असे; भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा तिनं एकदा पुरावा मागितला होता, आणि घड्याळ खरोखर मागे निघालं होतं.

मग शाळेला पन्नास वर्षं झाली आणि मुख्याध्यापकांना ज्ञानकोशाचा शोध लागला. समारंभात शाळेचं पान मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. शाळेचे संस्थापक म्हणून नाव होतं ‘मोठे साहेब’ यांचं. त्यांची तसबीर प्रत्येक खोलीत होती, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळातही होती, त्यामुळे तिकडे जाणारा माणूससुद्धा जरा नम्र होऊनच जाई. हयात नसलेल्या मोठ्या साहेबांच्या जागी आता त्यांचे चिरंजीव अध्यक्ष होते, आणि मुख्याध्यापक अध्यक्षांची री ओढण्यात तरबेज होते. पान झकास करा, ते बाईंना म्हणाले, तुमच्या कायम नेमणुकीची फाईल अध्यक्षांच्या टेबलावरच आहे. ते खरं होतं. त्या फाईलवर चहाचा कप ठेवायची अध्यक्षांची सवय साऱ्या कार्यालयाला ठाऊक होती.

मजकूर मुख्याध्यापकांनी स्वतःच लिहून दिला : थोर, द्रष्टे, दानशूर मोठे साहेब यांनी आपली जागा हसत हसत शाळेला अर्पण केली. वर्गानं तो तपासायला घेतला. थोर याला पुरावा मिळेना, द्रष्टे यालाही मिळेना. हसत हसत याला साक्षीदार कोण, असं वकिलानं विचारलं. शेवटी जागा आणि शाळा एवढेच दोन शब्द शिल्लक राहिले. तेव्हा वकील दोघा-तिघांना घेऊन सार्वजनिक वाचनालयात गेली आणि शिंकत शिंकत जुनी वर्तमानपत्रं चाळून आली. त्यात छापलं होतं, की मुलांच्या गोंगाटानं दुपारची झोपमोड होईल म्हणून मोठ्या साहेबांनी घराशेजारच्या आपल्या जागेवर शाळा काढायला हरकत घेतली होती, आणि नगरपालिकेनं हरकत फेटाळल्यावरच जागा दिली होती. पोरांनी हे सगळं पानावर एका ओळीत लिहिलं. तारीख दिली, पान क्रमांक दिला, विशेषण एकही नाही. बाईंनी वाचलं आणि त्यांचा ऊर भरून आला. मागोमाग अध्यक्षांच्या टेबलावरची फाईलही आठवली.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. आधी त्यांनी त्या ज्ञानकोशाच्या मालकाचा नंबर मागितला. मालक नाही, सगळे मिळून लिहितात, असं बाईंनी सांगितलं, तर ते म्हणाले, सगळ्यांच्या वर कुणी साहेब असेलच ना. साहेबाशिवाय जगात काही चालतं, ही कल्पना त्यांना सोसेना. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, एका ओळीचा प्रश्न आहे. ती काढा आणि कायम व्हा."

घरी बाई आणि त्यांची आई, दोघीच. लेक कायम झाली की मी डोळे मिटायला मोकळी, असं आई कित्येक वर्षं म्हणत होती, आणि लेक कायम होत नसल्यानं तिची तब्येत ठणठणीत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, झोपमोड होऊ नये एवढंच म्हणत होता ना तो? आता मेलाय बिचारा. आता तरी झोपू दे त्याला."

बाईंनी ओळ काढली. खाली चौकट आली, कारण विचारत. बाई तिच्याकडे बघत बसल्या, आणि काहीच न लिहिता त्यांनी बदल जतन केला. मग उगाचच भांडी घासायला घेतली. जेवायच्या आधी पुन्हा पाहिलं तर ओळ आपल्या जागी परत आली होती. परत घालणारी वकील होती आणि तिनं चौकट भरली होती : कारण दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच हात वर झाला.

"बाई, काल आपली ओळ कुणीतरी काढली."

कुणी काढली ते वकिलाला माहीत होतं. बदल करणाऱ्याचं नाव तिथे दिसतंच. सगळ्या वर्गाला माहीत होतं, आणि सगळा वर्ग वहीत डोकं घालून बसला होता. पोरांचा हा सभ्यपणा बाईंना जास्त लागला.

"मी काढली," त्या म्हणाल्या.

"कारण?"

"नोकरी."

वकिलानं हात खाली घेतला. "मग तसं लिहायचं ना, बाई. चौकट रिकामी ठेवायची नाही, तुम्हीच सांगता."

तो टोमणा नव्हता, हे बाईंना कळत होतं. टोमणा असता तर परवडला असता. दुपारी त्यांनी ओळ पुन्हा काढली आणि चौकटीत लिहिलं : नोकरीसाठी काढली. मग मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, काम झालं. लाज होतीच, पण आता निदान ती लपवलेली नव्हती.

समारंभाला सभागृह भरलं होतं. आठवडाभरात माऊस हलवायला शिकलेल्या मुख्याध्यापकांनी तो मान दुसऱ्या कुणाला दिला नाही. पान पडद्यावर आलं. बाईंनी पाहिलं, ओळ परत आली होती. मुख्याध्यापकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दर्शनी काहीतरी भव्य शोधत होते, आणि पानाच्या माथ्यावर त्यांना ते सापडलं. ‘इतिहास पाहा’ असं तिथे लिहिलेलंच होतं.

"आता आपण आपल्या संस्थेचा उज्ज्वल इतिहास पाहू या," असं माईकमध्ये म्हणून त्यांनी ते दाबलं.

आणि इतिहास दिसला. संस्थेचा नाही, पानाचा. कुणी काय बदललं आणि का, ते ओळीनं. सगळ्यात वर त्याच दिवशी सकाळी कुठल्याशा अनोळखी सदस्यानं लिहिलेलं होतं : ओळ परत घातली, नोकरी हे कारण ग्राह्य नाही. त्याखाली बाईंचं नाव आणि ‘नोकरीसाठी काढली’. त्याखाली वकील, तिच्याखाली पुन्हा बाई आणि एक रिकामी चौकट. आणि या सगळ्याच्या अधेमधे खुद्द मुख्याध्यापकांची आठवडाभरातली कामगिरी होती. त्यांनी ‘थोर’ घातलं होतं, कुणीतरी पुरावा नाही म्हणून ते काढलं होतं, मग त्यांनी ‘महान’ घातलं होतं. लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तक्ता वाचावा तसे मोठ्यानं वाचत होते. मागून कुणीतरी विचारलं, ओळ कुठली? बघता बघता सगळ्यांच्या हातात फोन आले.

अध्यक्षांनी माईक ओढून घेतला. बापाची झोप चव्हाट्यावर आलीच होती, निदान स्वतःची अब्रू वाचवायची होती.

"आमच्या संस्थेत एका ओळीपायी कुणाची नोकरी जात नसते," ते म्हणाले. "या बाई तर कायमच आहेत."

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा तिसऱ्या रांगेत एक हात वर होता.

"सर, याला संदर्भ?"

सभागृह हसलं. इतके लोक हसतायत म्हटल्यावर अध्यक्षही हसले, आणि लेखी देऊ, म्हणाले.

लेखी यायला कार्यालयानं आपल्या लौकिकाला साजेसा वेळ घेतला; वकील रोज मधल्या सुट्टीत खिडकीशी जाऊन उभी राहायची, तेव्हा कुठे पत्र आलं. त्यावर कपाचा गोल डाग होता. कपाटावर नाव रंगवायला माणूस आला, त्यानं वेलांटी चुकवली, आणि ती दुरुस्त करायला बाईंकडेच पुरावा मागण्यात आला. आई अजून ठणठणीत आहे. आता डोळे मिटायला तिला दुसरं कारण शोधावं लागेल.

दर वर्षी नवा वर्ग आला की बाई पहिल्या तासाला चौकटीचा नियम सांगून तेच पान उघडतात आणि इतिहास दाखवतात. थोर आणि महानच्या मारामारीला पोरं पोट धरून हसतात. मग कुणाचं तरी बोट त्या रिकाम्या चौकटीवर जातं. नोकरी कायम झाली तशी ती चौकटही कायम झाली आहे. ती आता कुणालाच भरता येत नाही. शेजारी नाव असतं, पण पहिल्या दिवशी मुलांना बाईंचं पूर्ण नाव ठाऊक नसतं.

"बाई, कारण न देता पळालेली ही कोण?"

दर वर्षी बाईंना तेवढीच लाज वाटते. मग त्या खडू खाली ठेवतात आणि सांगतात, "मी."