रॉसच्या टोपीतले चार खळगे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वैशालीलाही नाही — माझ्याबद्दल बरंच काही तिला न सांगताच कळतं, पण हे नाही. आई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असते, तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तरीही लिहितालिहिता हात थांबतो — वाचणारा इथला, आमच्या हॅमिल्टन शहरातलाच कुणी असला तर? पाहिलंत? सवय जात नाही.

संशय हा माझ्या कामाचाच भाग आहे. मी फार्मसिस्ट. डॉक्टरांनी लिहिलेला डोस बरोबर असेल असं आम्ही धरून चालत नाही, आणि आधीच्या माणसाने तपासलंय म्हणून सोडूनही देत नाही. कामावर हा गुण ठरतो. घरी येताना तो दुकानातच ठेवून यायला हवा, ते मला कधी जमलं नाही.

माझा छंद ऐकून तुम्ही हसाल. हसा, सगळेच हसतात. आम्ही काही माणसं इथल्याच केंब्रिज नावाच्या गावाजवळच्या एका फार्मवर जमतो आणि दीडशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेच्या सरहद्दीवरचं घोडदळ होतो. निळे कोट, तंबू, खरे घोडे. वर्षातून एकदा लोकांसमोर मोठं संचलन. पुण्यात वाढलेल्या माणसाने न्यूझीलंडला येऊन अमेरिकन घोडेस्वार व्हायचं — का? मला घोडे आवडतात. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

मला यात ओढलं रॉसने. बायकोची औषधं न्यायला तो आमच्याकडे यायचा. ती गेल्यावरही येत राहिला, नुसता गप्पा मारायला. सत्तरी ओलांडलेला, उंच, मोठ्याने हसणारा. बेस नावाची त्याची घोडी होती, आणि संचलनात झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे तोच असायचा. बायको गेल्यावर त्याच्या आयुष्यात या दोनच गोष्टी उरल्या होत्या — बेस आणि तो झेंडा. हे मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

पहिल्या संचलनाआधी त्याने मला टोपी दिली. काळी, रुंद काठाची, चांगल्या फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची. स्वतः किटलीच्या वाफेवर धरून आकार दिलेली — माथ्यावर चारी बाजूंनी चिमटे काढून पाडलेले चार खळगे. मला काय कळत होतं? मी ती ऐटीत घातली. दुसऱ्या क्लबचा एक पाहुणा मला बघून म्हणाला, "हा तर आपला लेमन स्क्वीझर!" इथल्या सैनिकांची परेडची टोपी तशीच असते, लिंबू पिळायच्या भांड्यासारखी, म्हणून हे नाव. अमेरिकन घोडदळात चार खळग्यांची तऱ्हा बऱ्याच वर्षांनी आली. आमच्या काळातल्या टोपीला माथ्यावर पुढून मागे एकच लांब घडी. सगळे हसले. रॉस सगळ्यांत जास्त हसला.

तो का हसला?

वर्षभर मी हेच चघळत होतो. काउबॉय आणि रेड इंडियनांच्या खेळात चुकीचा इंडियन आलाय, असा एक विनोद आमच्यात अधूनमधून व्हायचा, त्याला मीही हसायचो. आता मला वाटू लागलं, टोपीही त्यातलीच असणार. इतकी वर्षं या नादात असलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? शक्य आहे का? मुद्दाम दिली. गंमत म्हणून दिली. वैशाली म्हणाली, "अरे, त्या माणसाने प्रेमाने दिलीय. तुला ना, देवाने प्रसाद दिला तरी तू एक्सपायरी डेट बघशील." मी तिच्याशी दोन दिवस धड बोललो नाही.

मग मी टोप्यांचा अभ्यास केला. जुने फोटो भिंगाखाली धरले. सरकारी टोपी पावसात लोळागोळा व्हायची, म्हणून शिपाई पदरमोड करून स्वतःच्या टोप्या घ्यायचे — कुठली चालेल, कुठली नाही, सगळं पाठ केलं. शेवटी टोप्या तपासायचं काम मंडळाने माझ्याकडेच दिलं. माझ्या त्या फजितीनंतर आमची रीत अशी पडली होती, की संचलनाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापली टोपी तपासनिसाच्या तंबूत ठेवायची. ज्याची टोपी चुकीची, तो माणूस त्या वर्षी दोरीपलीकडे, प्रेक्षकांत. मग तो कुणी का असेना.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर माझ्यापेक्षा तुमचं मन साफ आहे.

दुपारची वेळ. सगळे घोड्यांना पाणी पाजायला गेले होते. तंबूत मी, टेबलावर टोप्या, आणि चहासाठी ठेवलेली किटली. रॉसची टोपी मी वाफेवर धरली. फेल्ट मऊ पडलं. जुनी घडी उलगडली आणि चार बोटांनी चार खळगे पाडले. टोपी पुन्हा जागेवर ठेवली आणि चहा केला. चहा चांगला झाला होता, हेही आठवतं.

माझा हिशेब साधा होता. तो चिडेल, आरडाओरडा करेल. सगळे हसतील, आणि हसण्यावारी कसं न्यायचं असतं ते त्यालाही कळेल. फार तर माझ्यावर संशय घेईल. घेऊ दे.

त्याने माझ्यावर संशय घेतला नाही. टोपी त्याने हातात घेतली. एकेका खळग्यात बोट घालून बघत होता. मग म्हणाला, "हे मी कधी केलं?" मला विचारलं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दोरीपलीकडे जाऊन उभा राहिला. बेसचा लगाम दुसऱ्याच्या हातात होता, झेंडाही.

त्याची आई शेवटी शेवटी मुलांना ओळखत नव्हती, हे मला नंतर समजलं. नंतर, असं मी म्हणतोय. पण त्या क्षणी तो का घाबरला ते मला कळलं नव्हतं का? स्मृती जाऊ लागलेल्या म्हाताऱ्यांची औषधं मी रोज भरून देतो. मला कळलं होतं. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता.

तो डॉक्टरांकडे गेला. तपासण्या झाल्या. वयाच्या मानाने सगळं उत्तम, असं त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. किल्ली कुठे ठेवली हे आपण सगळेच विसरतो, पण तो विसरला की त्याला ती टोपी दिसायची. गाडी चालवणं त्याने आपणहून सोडलं. मग बेसला विकलं. आई मला विचारायची, "ते घोडेवाले आजोबा आपल्या घरी येत नाहीत रे हल्ली? त्यांच्यासाठी चिवडा काढून ठेवला होता." मी म्हणायचो, कामात असतील.

घर विकायला काढलं तेव्हा सामान बांधायला मी गेलो. भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता — लष्करी वेशातला, डोक्यावर चार खळग्यांची टोपी. रॉस म्हणाला, "लहानपणापासून टोपी म्हटलं की माझ्या हातांना हाच आकार माहीत. तुझी करतानाही तेच झालं. कसले हसलो होतो आपण!" आपण, म्हणाला तो.

इथवर मी जे सांगितलं ते बालिशपणात मोडेल कदाचित. खरी गोष्ट यापुढची आहे, आणि ती फार छोटी आहे.

खोका खाली ठेवून तो माझ्यासमोर बसला. म्हणाला, "डॉक्टर लोक गोड बोलतात. मुलगी रडते. तू औषधांतला माणूस आहेस, दोस्ता, आणि तू कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीस. खरं सांग. त्या टोपीच्या आधी तुला माझ्यात काही फरक दिसला होता का?"

एक वाक्य पुरलं असतं. ते खळगे मी पाडले. बस. आणि माझ्या मनात काय आलं, माहितीये? याला सगळं कळलंय आणि हा माझ्याकडून वदवून घेतोय. सापळा आहे. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी सापळा शोधत होतो.

मी म्हणालो, "हो. दिसला होता."

त्याने माझा हात हातात घेतला आणि आभार मानले.

आता तो इथून दोनेक तासांवरच्या अल्बनीला, मुलीकडे राहतो. एकटा बाहेर पडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मी गाडी काढून जातो. दार तोच उघडतो, माझं नाव घेतो — सावकाश, आडनावासकट — आणि बरोबर आलं का, म्हणून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतो. मी म्हणतो, बरोबर.